येथे धनु लग्न मिळणार नाही

मराठी घरात मूल जन्माला आलं, की पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी’, दुसरा ‘दोघं सुखरूप ना’ आणि तिसरा, आवाज थोडा खाली आणून, ‘वेळ कुणी टिपली?’ बाळाचं वजन डॉक्टर सांगतात, नाक कुणावर गेलंय ते आत्या सांगते, वेळ मात्र आजोबांच्या अखत्यारीत येते. प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आजोबांचं लक्ष दारापेक्षा मनगटाकडे जास्त असतं. त्यातही मतभेद आहेतच. डोकं बाहेर आलं ती जन्मवेळ, पहिला टाहो फोडला ती, की नाळ कापली ती? नर्सबाईंनी कागदावर ‘१०.४०’ असं लिहिलेलं असतं. चाळीस हा आकडा इतका गोल आहे की तो खरा असणं शक्य नाही, असं आजोबांचं मत पडतं. मग भिंतीवरचं घड्याळ किती पुढे होतं याची चौकशी सुरू होते. ज्या घरात दूधवाल्याचा हिशोब कधी जुळला नाही, त्या घरात सेकंदांवरून वाद होतात.

ही सारी धडपड लग्नासाठी. बोहल्यावरच्या नव्हे, पत्रिकेतल्या. बोहल्यावरचं पुढे जमायचं किंवा मोडायचं ते याच्याच जोरावर. जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर राशिचक्राचा जो बिंदू उगवत असतो, ते लग्न. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून दिवसभरात बाराही राशी एकेक करून पूर्वेला वर येतात. सरासरी दोन तासांना एक रास, चार मिनिटांना एक अंश. नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो. षष्ट्यंशापर्यंत खोल जाणारे ज्योतिषी तर दोन मिनिटांच्या फरकानं मागच्या जन्मीचा सगळा हिशोब नव्यानं मांडतात.

हे दोन तास अर्थात सरासरीचे. मुंबई-पुण्याकडे मीन रास दीड तासाच्या आसपास उरकते, वृश्चिक सव्वादोन तास रेंगाळते. हा फरक अक्षांशामुळे पडतो आणि तो पंचांगवाल्यांना तोंडपाठ असतो. म्हणून पत्रिका मांडणारा जन्मस्थळ विचारतो, आपण ‘चिपळूण’ म्हणतो आणि पुढचं बिनबोभाट पार पडतं. चिपळूणचं क्षितिज सभ्य आहे. तिथे राशी वेळेवर उगवतात, रांगेनं उगवतात आणि वेळ झाली की मुकाट मावळतात. हे शास्त्र ज्या मुलखात वाढलं, तिथलं आकाश असंच शिस्तीचं होतं. अडचण आकाशाची नाही. अडचण अशी, की मराठी माणूस आता चिपळूणला राहत नाही.

तो नॉर्वेत राहतो. कुणी तेलाच्या उद्योगात आहे, कुणी संगणकाच्या, कुणी समुद्रातल्या माशांवर संशोधन करतो आहे. ऑस्लोत जन्मलेल्या नातवाची पत्रिका मांडायला घेतली, की पहिली ठेच लागते. ऑस्लो जवळपास ६० अक्षांशावर आहे. तिथे मीन रास अर्ध्या तासात उगवून मोकळी होते, आणि सिंह, कन्या, तूळ या राशी प्रत्येकी सव्वातीन तास क्षितिजावर ठाण मांडतात. मीन लग्नाचं मूल हवं असेल, तर सुईणीला अर्ध्या तासात काम उरकावं लागेल. उलट कन्या लग्नाला घाई नाही, जेवून आलात तरी कन्याच असेल. कन्या लग्नाची माणसं चिकित्सक, टापटिपीची आणि हिशोबी असतात असं म्हणतात. नॉर्वेचा एकंदर कारभार पाहता शास्त्राच्या बाजूनं एवढा एक पुरावा नोंदवून ठेवायला हरकत नाही.

पण ऑस्लो म्हणजे अजून दक्षिणच. खरी गंमत ६६ अंश ३३ कलांच्या पुढे, म्हणजे आर्क्टिक वृत्तापाशी सुरू होते. फिनलंडमधलं रोव्हानिएमी हे गाव या वृत्ताला खेटून आहे. तिथे सांताक्लॉजचं अधिकृत म्हणवणारं गाव वसवलंय आणि वृत्ताची रेघ जमिनीवर आखून ठेवली आहे. पर्यटक एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. त्यांना कल्पना नसते, पण दिवसातून एका क्षणी या रेघेवर संपूर्ण राशिचक्र क्षितिजाला चिकटतं. मेषेपासून मीनेपर्यंत बाराही राशी, संध्याकाळी सहाच्या दादर स्टेशनच्या फलाटासारख्या, काठावर दाटीवाटीनं उभ्या राहतात आणि पुढच्याच क्षणी त्यांतल्या सहा एकदम वर चढतात. त्या क्षणी जन्मलेल्या बाळाचं लग्न कोणतं? जे म्हणाल ते. तो एकाच वेळी सिंहासारखा शूर, कर्केसारखा हळवा आणि तुळेसारखा व्यवहारी. असा जावई कुणाला नको असेल? पण पत्रिकेत पहिल्या घरात एकच आकडा लिहायची सोय आहे.

आता आणखी थोडं वर सरकू आणि ट्रोम्सोला येऊ. नॉर्वेतलं हे देखणं शहर ६९ अंश ३९ कलांवर आहे. विद्यापीठ आहे, मोठं इस्पितळ आहे, तेव्हा बाळंही जन्मतात. समजा, त्यांतलं एक मराठी आहे. आजोबा डोंबिवलीहून फोन लावतात, वेळ लिहून घेतात, नकाशात अक्षांश-रेखांश पाहतात आणि लग्नसारणी उघडतात. सारणीत इतक्या वरचा अक्षांश नसतो. ते ओळखीच्या ज्योतिषांकडे जातात. ज्योतिषी त्रिकोणमिती मांडून बसतात आणि अर्ध्या तासानं चष्मा काढून पुसतात. चष्म्यात काही दोष नसतो.

ट्रोम्सोच्या पूर्व क्षितिजावर, आपल्या निरयन गणितानं, धनु रास कधीच उगवत नाही. वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही प्रहरी नाही. वृश्चिकेचा बराचसा भाग आणि मकरेचे पहिले काही अंशही तिच्यासोबत कायमचे जमिनीखाली असतात. त्यांच्या बरोबर समोरची मिथुन रास कधी मावळतच नाही, आणि जी मावळत नाही ती उगवणार कशी? म्हणजे ट्रोम्सोत धनु लग्नाचं मूल जन्माला येऊ शकत नाही, मिथुन लग्नाचंही नाही. इस्पितळाच्या दारावर तशी पाटी लावायला हवी. पुण्यात असतं ते इस्पितळ, तर ती एव्हाना लागलीही असती, खाली ‘उगाच चौकशी करू नये’ अशा टिपेसह.

उरलेल्या राशींची वाटणी पाहिली, की आरक्षणाच्या आंदोलकांनाही हुरूप यावा. सिंह, कन्या आणि तूळ या तिघींनी प्रत्येकी चार-साडेचार तास बळकावलेले आहेत. निम्म्याहून अधिक दिवस यांचाच. कर्केच्या वाट्याला पाच तास आहेत. मेषेला पाऊण तास. मीन आणि कुंभ यांची बोळवण वीस-बावीस मिनिटांत. ट्रोम्सोच्या शाळेत एका वर्गाच्या पत्रिका काढल्या, तर अर्ध्याहून जास्त मुलं सिंह-कन्या-तूळ निघतील आणि मीनेचं एखादं पोर कोपऱ्यात एकटं बसलेलं असेल. मीन लग्नाचं वर्णन वाचलं तर ते कोपऱ्यातच बसणार, त्यामुळे इथे मात्र शास्त्र आणि परिस्थिती यांचा मेळ बसतो.

एवढंच असतं तरी आजोबांनी सोसलं असतं. पण दिवसातले सुमारे चार तास ट्रोम्सोचं लग्न उलटं चालतं. वीस तास ते शहाण्यासारखं कर्क, सिंह, कन्या, तूळ असं पुढे पुढे येतं. वृश्चिकेत सहा-सात अंश शिरलं, की ते एका क्षणात बरोबर समोर, म्हणजे वृषभेत उडी मारतं. तिथून वृषभ, मेष, मीन, कुंभ अशी माघार घेत मकरेच्या पाचव्या अंशाशी येतं आणि पुन्हा समोर, कर्केत उडी घेतं. मग परत सरळ मार्ग. या चार तासांत जुळी झाली, तर मोठ्याचं लग्न मेष आणि धाकट्याचं मीन, म्हणजे एक घर मागे. घड्याळ पुढे चाललंय आणि पत्रिका मागे. वक्री ग्रह आपण ऐकले आहेत, त्यांच्या शांतीही केल्या आहेत. वक्री लग्नाला कोणती शांत करायची, हे अजून कुठल्या गुरुजींनी सांगितलेलं नाही. दक्षिणा किती, तेही त्यामुळे ठरलेलं नाही.

त्या दोन उड्यांचं तर काय सांगावं! पत्रिकेत पहिलं घर स्वतःचं, सातवं जोडीदाराचं. लग्न समोर उडी मारतं याचा अर्थ त्या क्षणी पहिलं आणि सातवं यांची अदलाबदल होते. क्षणापूर्वी जन्मलेल्या मुलाचा जो स्वभाव, तो क्षणानंतर जन्मलेल्या मुलाच्या बायकोचा. नवरा-बायकोंचे स्वभाव एकमेकांसारखे व्हायला आपल्याकडे चाळीस वर्षांचा संसार लागतो. ट्रोम्सोत ते बाळंतपणातच उरकतं.

घरांचा घोळ वेगळाच. पत्रिकेचा साधा संकेत असा, की सातव्यापासून बाराव्यापर्यंतची घरं क्षितिजाच्या वर आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंतची खाली. चौथं घर अगदी तळाचं, पाताळ. २१ जूनच्या सुमारास ट्रोम्सोत स्थानिक मध्यरात्री जन्मलेलं मूल घ्या. लग्न मीन येतं, सूर्य मिथुनेत, म्हणजे चौथ्या घरात. पत्रिका सांगते, सूर्य पाताळात आहे. खिडकीतून तोच सूर्य बाळाच्या डोळ्यांवर येतोय म्हणून नर्स पडदा ओढते आहे. तेवढ्यात दशमबिंदू, म्हणजे माथ्यावरचा, कीर्तीचा आणि नोकरीचा बिंदू, गणितानं काढावा तर तो क्षितिजाच्या तीन अंश खाली सापडतो. मुलाचं कर्तृत्व जन्मतःच जमिनीत पुरलेलं. खनिज तेलाच्या उद्योगात जाईल, असा अर्थ लावणारे ज्योतिषी निघतीलच, आणि नॉर्वेत ते भाकीत चुकण्याची शक्यता तशी कमी.

लग्न सोडा, साधा वार सांगणंही सोपं नाही. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य बुडतो तो जानेवारीच्या मध्याला डोकं वर काढतो. शेवटचा सूर्योदय मंगळवारी झाला असेल, तर पुढचे सात आठवडे शास्त्रानं मंगळवारच. शनिवारचा उपास करणाऱ्याला सात आठवडे जेवायला मोकळीक. पण शेवटचा सूर्योदय शनिवारचा निघाला, तर त्याचं कुटुंब हवालदिल. संकष्टीची तऱ्हा त्याहून नाजूक. संकष्टी सुटते चंद्रोदयाला. ट्रोम्सोत महिन्यातले काही दिवस चंद्र मावळत नाही आणि काही दिवस उगवत नाही. न उगवण्याच्या दिवसांत चतुर्थी आली, की मोदक ताटात आणि भक्त खिडकीत. बाप्पांचा कोप परवडला, पण साबुदाण्याच्या तिसऱ्या दिवसाचा नाही.

एक गोष्ट मात्र ट्रोम्सोच्या बाजूची आहे. राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग करतात आणि त्यांतला एक राहूला देतात. ध्रुवीय रात्रीत दिनमान शून्य. शून्य भागिले आठ, शून्य. सात आठवडे राहुकाळ नाही! घर घ्या, गाडी घ्या, राजीनामा द्या. जगात इतका निर्वेध मुहूर्त दुसरीकडे नाही. फक्त अंधारात सह्या करताना कागद नीट वाचावा.

हे सगळं आधुनिक भूगोलानं आपल्या शास्त्राची केलेली थट्टा आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. हे आपल्या माणसाला साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होतं. सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या विज्जलविड गावच्या भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते सांगतात, की ६९ अंश २० कला अक्षांशावर धनु आणि मकर या राशी कधी दिसत नाहीत, कर्क आणि मिथुन कधी मावळत नाहीत. आणि ७८ अंश १५ कलांवर वृश्चिक आणि कुंभही अदृश्य होतात. त्यांनी राशी विषुवबिंदूपासून मोजल्या, आपण पत्रिकेत निरयन मोजतो, म्हणून नावं चोवीस अंशांनी सरकतात, गणित तेच. पहिला अक्षांश ट्रोम्सोच्या जेमतेम खाली येतो. दुसरा येतो स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन या गावावर, जे ७८ अंश १३ कलांवर आहे. गाव वसायच्या साडेसातशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी दोन कलांच्या अंतरावर बोट ठेवून सांगितलं होतं, की इथे पत्रिकेचे हाल होतील.

त्यातली मजा अशी, की त्यांच्याआधीच्या लल्लाचार्यांनी हेच अक्षांश ६६ अंश ३० कला आणि ७५ अंश असे दिले होते. भास्कराचार्यांनी भर ग्रंथात त्यांना जाब विचारला. दोघंही त्या अक्षांशांच्या आसपास कधी फिरकलेले नाहीत. तिथे माणूस राहतो की नाही, याची खबर नाही. पण तीन अंशांची चूक म्हणजे चूक. जिथे आपल्याला कधी जायचं नाही, तिथल्या क्षितिजावरून पूर्वसूरींशी भांडायचं, हा बाणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे १२०७ साली भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख आजही आहे. म्हणजे ट्रोम्सोच्या क्षितिजाचा पहिला अभ्यासवर्ग जळगाव जिल्ह्यात भरला, असं म्हणायला जागा आहे.

लोकमान्य टिळकांनी तर १९०३ साली आपल्या पूर्वजांनाच तिकडे नेऊन ठेवलं. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात त्यांनी वेदांतल्या लांबलचक उषःकालांच्या वर्णनांवरून वैदिक ऋषींचं मूळ घर ध्रुवप्रदेशात असावं, असं मांडलं. विद्वानांनी ते मान्य केलं नाही, पण घटकाभर धरून चालू. तर मग ऋषींच्या मुलांच्या पत्रिका कशा निघाल्या असतील? निघाल्याच नसतील. वेदांत नक्षत्रं आहेत, मेष-वृषभ या राशी नाहीत आणि त्या राशींवर उभं असलेलं लग्नही नाही. ते ग्रीकांशी संबंध आल्यावरचं. ऋषींच्या घरी मूल झालं, की नक्षत्र पाहून नाव ठेवत असतील आणि पुढच्या यज्ञाच्या तयारीला लागत असतील. नातवाला धनु लग्न मिळालं नाही म्हणून एकाही ऋषीची झोप उडाली नाही. आधी रात्र तेवढी मोठी होती, झोप भरपूर.

टिळकांनी पंचांगातही हात घातला होता, त्यामुळे त्यांच्या नावाचं पंचांग आणि चित्रापक्षाची पंचांगं यांच्यात अयनांशांचा चारेक अंशांचा फरक आहे. म्हणजे ट्रोम्सोत नेमके कोणते अंश उगवत नाहीत, यावर दोन पंचांगांचं एकमत होणार नाही. जे उगवतच नाही, त्यावरही दोन तट. ही परंपरा आपण जिवापाड जपली आहे.

लाँगइयरब्येनवाल्यांनी लग्नाच्या या प्रश्नावर जो तोडगा काढलाय, त्याला तोड नाही. तिथे बाळंतपणं होतच नाहीत. इस्पितळ छोटं आहे, म्हणून गर्भवतींनी सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावं, असा प्रघात आहे. कारण वैद्यकीय असलं, तरी परिणाम ज्योतिषाच्या पथ्यावर पडतो: लग्न निघत नाही ना, मग जन्मच नको. गोठलेल्या जमिनीमुळे शवपेटीचं दफनही तिथे कित्येक दशकांपासून बंद आहे. पहिलं स्थान बंद, आठवंही बंद. मधल्या सहा घरांत गाव आनंदानं नांदतंय. फक्त मुख्य भूमीवर जायचं ते बहुधा ट्रोम्सोला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त इथे दोन्हीकडे बर्फ.

आणि अगदी ध्रुवावर? तिथे पूर्व नाही. ध्रुवबिंदूवर उभं राहिलं, की चहूकडे दक्षिणच दक्षिण. वास्तुशास्त्राच्या मंडळींनी तिकडे फिरकू नये. दार कुठेही काढा, दक्षिणमुखी. उशी कुठेही ठेवा, पाय यमाकडे. क्षितिज विषुववृत्ताशी एकरूप झालेलं असल्यानं राशिचक्राचे तेच दोन बिंदू अष्टौप्रहर काठावर असतात. आपल्या हिशोबानं मीनेचा सहावा अंश आणि कन्येचा सहावा अंश. यांतला पूर्वेचा कोणता, ते ठरवायला पूर्वच नाही. लग्न बदलत नाही, आणि जे आहे ते कोणतं हेही ठरत नाही. इतकी वर्षं ज्योतिषी ‘घड्याळ बिनचूक ठेवा’ म्हणून कानीकपाळी ओरडत होते. ध्रुवावर घड्याळ समुद्रात फेकलं तरी चालेल.

इतकं झाल्यावर ज्योतिषी हात टेकतील, असं वाटत असेल तर तुम्ही ज्योतिषी पाहिलेले नाहीत. पहिला उपाय संगणकाचा. जगातलं बरंचसं ज्योतिषाचं सॉफ्टवेअर ‘स्विस एफिमेरिस’ नावाच्या गणितावर चालतं. कृष्णमूर्ती पद्धतीवाल्यांना भाव लागतात ते प्लॅसिडसचे, आणि प्लॅसिडसचं गणित आर्क्टिक वृत्तापलीकडे निघतच नाही. तेव्हा हे सॉफ्टवेअर निमूट दुसऱ्या पद्धतीचे, आपल्या श्रीपती पद्धतीच्या धर्तीचे, भाव काढून देतं. बारा घरं, रंगीत चौकट, वर गणपती. छापील कागदावर शंकेची सुरकुती नसते. आजोबांचं समाधान होतं.

दुसरा उपाय जन्मस्थळ बदलण्याचा. ‘बाळाचं मूळ गाव कोणतं? गुहागर? मग गुहागरचे अक्षांश घाला.’ बाळ ट्रोम्सोत, क्षितिज गुहागरचं. पासपोर्टावर हा प्रकार केला तर तुरुंगात जावं लागतं; पत्रिकेत त्याला अनुभव म्हणतात. तिसरा उपाय चंद्रकुंडलीचा. चंद्र कुठल्या राशीत आणि नक्षत्रात आहे, हे ठरवायला अक्षांश लागत नाहीत; तो ट्रोम्सोलाही तिथेच आणि तळेगावलाही तिथेच. तेव्हा चंद्राची रास पहिल्या घरात बसवायची आणि लग्नाचं नाव काढायचं नाही. चौथा उपाय सर्वांत निर्धोक, तो म्हणजे प्रश्नकुंडली. जातकाची वेळ आणि जागा सोडून द्यायची. आजोबांनी प्रश्न विचारला तो क्षण आणि ज्योतिषी बसले आहेत ती जागा धरायची. ज्योतिषी बसले आहेत डोंबिवलीत. तिथलं क्षितिज चोख आहे, लग्न वेळेवर निघतं, दक्षिणाही तिथेच मिळते.

या चारही उपायांत एक गोष्ट सारखी आहे. ‘इथे हे लागू नाही’, एवढे चार शब्द कुणी लिहीत नाही. पत्रिकेच्या चौकटीत बारा घरं असतात, तेरावं ‘माहीत नाही’चं घर नसतं. भास्कराचार्यांनी मात्र ते किती सहज लिहिलं होतं! अमुक अक्षांशावर अमुक राशी दिसत नाहीत. पुढे ना शांत, ना उतारा, ना ‘तथापि’. गणित जिथे संपतं, तिथे माणसानं थांबावं आणि हवं तर लल्लाचार्यांशी भांडावं. आपण त्यांचं गणित उचललं, लग्न काढायला वापरलं आणि त्यातला ‘दिसत नाही’ तेवढा गाळला. ज्या आजोबांना चाळीस मिनिटं हा आकडा संशयास्पद गोल वाटला होता, त्यांना रंगीत छापलेलं ‘वृषभ’ कसं चालतं, हे कोडं मला आकाशापेक्षा अवघड वाटतं.

याचा अर्थ ट्रोम्सोच्या मुलाचं पुढे कसं होणार म्हणून कुणी काळजी करू नये. गुणमेलनाचे छत्तीसच्या छत्तीस गुण चंद्रावरून मोजतात. नाडी, गण, योनी, सगळं तिथे सुखरूप निघतं. मंगळाचं थोडं पाहावं लागेल, कारण मंगळ लग्नापासूनही मोजतात. पण स्थळाची माहिती भरताना मुलाच्या आईनं सरळ लिहावं : ‘जन्मस्थळ ट्रोम्सो, लग्न लागू नाही, मंगळ क्षितिजाखाली’. मुलीकडची मंडळी या ओळीशी घटकाभर थबकतील, एकमेकांकडे पाहतील आणि पुढची ओळ वाचतील. पुढच्या ओळीत मुलाचा पगार नॉर्वेजियन क्रोनरमध्ये दिलेला असतो, आणि क्रोनरचे रुपये करायला आजवर कुणाला अक्षांश लागलेले नाहीत.